बिडाचा पिंजरा

[दृश्य: काळा घोडा, सकाळी सात. कॅमेरा फुटपाथवरून सावकाश वर चढतो.]

मान वर करा. जाळीच्या मागे ती बाल्कनी दिसतेय ना, तिच्या कठड्यातून पिंपळ उगवलाय. आता त्याचं मूळ कुठवर गेलंय ते बघा. फुटक्या पन्हळीला धरून, खांबाच्या कडेकडेनं, थेट खालच्या मजल्याच्या चौकटीपर्यंत. पिंपळाला माती लागत नाही. कावळ्याची शीट, थोडी ओल आणि वर न बघणारी माणसं, एवढ्यावर त्याचं भागतं.

ही इमारत एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. जुने लोक हिला अजून वॉटसन म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणणार आहोत. भारतात आज उभ्या असलेल्या ओतीव लोखंडाच्या इमारतींमध्ये ही सगळ्यात जुनी मानली जाते.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. तटबंदी, मैदान, कापसाच्या गाठी.]

तिची गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १८६१ साली तिथे यादवी पेटली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग तो आपल्याकडून जायला लागला. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, जिथून मिळेल तिथून. कुलाब्याला कापसाच्या गाठींचे डोंगर लागले. चार वर्षांत मुंबईत एवढा पैसा आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, पानवाल्यापासून शेटजीपर्यंत सगळे शेअरच्या मागे.

त्याच वेळी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. तटाबाहेरचं मोकळं मैदान, म्हणजे एस्प्लनेड, त्याचे प्लॉट पाडून विकायला काढले. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो, त्यातला फोर्ट तेव्हाच गेला, नाव तेवढं राहिलं. म्हणजे ज्या देखण्या मुंबईसाठी आम्ही गळा काढतो, तिचीही सुरुवात एका पाडकामानंच झाली. ती तटबंदी आज असती तर आम्ही तिच्यावरही फिल्म केली असती, हे आधीच कबूल करून टाकतो.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि कालचे लखपती दिवाळखोरीच्या यादीत गेले. जॉन वॉटसन त्यातून तरला. हा कापडाचा व्यापारी. तेजीच्या दिवसांत, १८६४ साली, त्यानं हा प्लॉट घेऊन ठेवला होता. १८६७ च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि १८७१ मध्ये हॉटेल उघडलं.

[दृश्य: खांबाचा क्लोजअप. रंगाचे पापुद्रे, खाली गंज. हात फिरतो.]

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. लंडनच्या थेम्स नदीवरचा आल्बर्ट पूल त्याचाच, १८७३ चा. सेंट पँक्रस स्टेशनच्या अवाढव्य छपराच्या कामातही त्याचा हात होता. थोडक्यात, पूल आणि स्टेशनं बांधणारा माणूस. त्यानं हॉटेलही पुलासारखंच बांधलं. लोखंडी सांगाडा डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत तयार झाला. सुटे भाग जहाजात भरले आणि इथे आणून एकमेकांना जोडले. काम सुरू झालं तेव्हा सुएझ कालवासुद्धा उघडला नव्हता.

मुंबईनं असलं काही पाहिलं नव्हतं. तोवर घर म्हणजे जाड भिंत. भिंत वरचा मजला पेलते, म्हणून भिंत जाड. इथे भार भिंतीवर नव्हताच. तो सांगाड्यावर. मधल्या विटा नुसत्या पडद्यासारख्या. आज आपल्या प्रत्येक सोसायटीचा टॉवर याच हिशेबानं उभा राहतो, फक्त लोखंडाच्या जागी आरसीसी. ज्या इमारतीपासून गगनचुंबी घरांचा इतिहास सांगायची पद्धत आहे, ती शिकागोची इमारत १८८५ ची. वॉटसन तिच्याहून चौदा वर्षं मोठी. त्या काळच्या एका वर्णनात हिला पक्ष्यांच्या प्रचंड पिंजऱ्याची उपमा दिलीय, आणि उपमा अगदी नेमकी आहे.

ओतीव लोखंड म्हणजे आपलं बीड. घरात बिडाचा तवा असेल तर त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वर कितीही वजन ठेवा, हूं का चूं करणार नाही. पण ओट्यावरून फरशीवर पडला की खळकन दोन तुकडे. तो वाकत नाही, तडकतो. म्हणून बीड खांबाला चांगलं, कारण खांबावर नुसता दाब येतो. तुळईला मात्र ओढ बसते, ती खालच्या अंगानं ताणली जाते, तिथे घडीव लोखंड हवं. ऑर्डिशच्या काळातल्या माणसांना हे हिशेब तोंडपाठ असत. गोंधळ पुढच्या दुरुस्त्यांमध्ये होतो. बिडाच्या खांबाला कुणी वेल्डिंगनं पट्टी मारायला जातो आणि तिथूनच चीर सुरू होते. सांध्यात कुणी सिमेंट भरतो, आत पाणी अडतं, लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो. जागा मिळाली नाही की तो शेजारची वीट ढकलतो.

[दृश्य: वरच्या मजल्याच्या खिडक्या, कावळे. मग काळा पडदा, प्रोजेक्टरचा आवाज.]

१८९६ हे या पत्त्याचं वर्ष. जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता आणि बाल्कनीत बसून त्यानं मुंबईच्या कावळ्यांचा अभ्यास केला. त्यांच्या आगाऊपणावर त्यानं पुढे पानंच्या पानं लिहिली. कावळ्यांना त्याची गंधवार्ता नसावी, वागणं आजही तेच आहे.

आणि ७ जुलैला इथे सिनेमा आला. फ्रान्समध्ये सिनेमाचं यंत्र बनवणाऱ्या ल्युमिए बंधूंचा माणूस ते यंत्र घेऊन आला होता. तिकीट एक रुपया. सहा छोट्या चित्रफिती. स्टेशनात शिरणारी आगगाडी सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सहांतल्या आणखी दोन आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. एकीत कारखाना सुटतो आणि कामगार फाटकातून बाहेर पडतात. दुसरीत काही माणसं मिळून एक भिंत पाडतात. ही दुसरी फीत ऑपरेटर लोक गमतीनं उलटीही चालवत. मग धुरळा आत ओढला जाई आणि पडलेली भिंत आपोआप उभी राही. मुंबईत त्या संध्याकाळी ती उलटी चालवली होती का, याची नोंद आमच्या पाहण्यात नाही. पण गिरण्यांच्या या शहरात पडद्यावर पहिल्याच दिवशी काय काय आलं ते बघा. सुटणारा कारखाना आणि पडणारी भिंत.

जमशेटजी टाटांना इथे दारातून परत पाठवलं आणि त्या रागातून ताज उभं राहिलं, ही गोष्ट मुंबईतला प्रत्येक टूर गाइड सांगतो. तिला भक्कम पुरावा नाही. १९०३ मध्ये ताज उघडलं आणि वॉटसनचा दिमाख ओसरला, एवढं मात्र खरं.

[दृश्य: जिन्याखालचे मीटर, वायरींचे झुपके, वकिलांच्या पुसट पाट्या.]

हॉटेल बंद झालं. इमारतीचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं. मोठ्या खोल्यांत लाकडी फळ्या घालून लहान खोल्या झाल्या. सत्र न्यायालय हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वकील आले, टायपिंगवाले आले, झेरॉक्सवाले आले. इमारतीच्या आतल्या चौकातल्या हवेत पोटमाळे चढले.

आणि आला भाडे कायदा. १९४७ च्या कायद्यानं मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर थांबवली. युद्धानंतर, फाळणीनंतर, लोंढे येत असताना भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण तात्पुरतं म्हणून केलेलं काम आपल्याकडे कायमचं होतं. घरमालकाच्या हातात येणाऱ्या भाड्यात एका मजल्याची पन्हळ बदलून होईना. मालक म्हणे, भाडं वाढवा मग बघू. भाडेकरू म्हणे, आधी दुरुस्ती करा मग बघू. पिंपळानं कुणाचीच वाट पाहिली नाही. १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्तीसाठी वेगळा कायदा केला, उपकर लावला. तेव्हा दक्षिण आणि मध्य मुंबईत अशा १९ हजारांहून जास्त इमारती होत्या. दुरुस्ती मंडळ एक, इमारती १९ हजार. टेकू लावायचे आणि पुढच्या इमारतीकडे जायचं. मुंबईत टेकू हा वास्तुशैलीचाच एक प्रकार होऊन बसलाय.

१९९५ मध्ये मुंबईनं देशात पहिल्यांदा वारसा इमारतींसाठी नियम केले. वॉटसन त्यात दोन-अ श्रेणीत आली. श्रेणी मिळाली, पन्हळ मिळाली नाही.

१ जुलै २००५. पावसात पश्चिमेकडच्या बाल्कन्या खाली उभ्या गाड्यांवर कोसळल्या. एक जण गेला, सहा जखमी झाले.

त्याच सुमारास जगातल्या धोक्यात आलेल्या १०० वास्तूंच्या यादीत वॉटसनचं नाव आलं.

[दृश्य: रस्ता ओलांडून कॅमेरा ग्रंथालयाकडे वळतो. पिवळट दगड, कमानी, घड्याळ.]

आता रस्ता ओलांडू. डेव्हिड ससून ग्रंथालय. मालाडचा पिवळट दगड, १८७० साल. म्हणजे वॉटसनची जवळजवळ जुळी बहीण.

इथेही सुरुवात कामगारांपासून होते, आणि हे फार कुणी सांगत नाही. १८४७ साली टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या काही तरुण मेकॅनिक आणि फोरमन मंडळींनी एक संस्था काढली. यंत्रांचे नमुने जमवायचे, व्याख्यानं करायची, पुस्तकं वाचायची. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. पुढे व्यापारी डेव्हिड ससून यांनी ६० हजार रुपये दिले, उरलेला खर्च सरकारनं उचलला आणि ही इमारत झाली. हाताला ग्रीस लागलेल्या लोकांचं वाचनालय. आज मागच्या बागेत आरामखुर्चीवर पेपर तोंडावर घेऊन झोपलेले काका दिसतात, त्यांनाही आमचा आक्षेप नाही.

हिच्याही वाट्याला दुरुस्ती आली होती. १९६० च्या दशकात मूळचं उतरतं छप्पर गेलं आणि वर सिमेंटचा सपाट स्लॅब बसला. तेव्हा ती प्रगती होती. मुंबईच्या पावसात सपाट छप्पर म्हणजे चार महिन्यांचं तळं. भिंती भिजत राहिल्या. २०२३ मध्ये मोठं जतनकाम पूर्ण झालं तेव्हा सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं. स्लॅब काढला आणि छपराला त्याचा उतार परत दिला.

[दृश्य: चुन्याचं काम. पाणी ओतलं जातं, वाफ, फसफस. या भागात दृश्य लांब ठेवायचं.]

हे चित्रीकरण दुसऱ्या एका कामावरचं आहे. पण जुन्या दगडी इमारतीवर जिथे नीट काम चालतं, तिथे हेच दिसेल.

हा कळीचा चुना. चुनखडी भट्टीत भाजली की असे पांढरे खडे मिळतात. त्यावर पाणी पडलं की काय होतं ते बघा. उकळतंय ते पाणी, खाली जाळ नाही. खडे फुटतात, फुगतात, त्यांचा लगदा होतो. याला चुना विरवणं म्हणतात. विरवलेला चुना लगेच वापरायचा नाही. पाण्याखाली मुरू द्यायचा, आठवडेच्या आठवडे. जितका जुना तितका लोण्यासारखा. मग त्यात वाळू, विटांची सुरखी. काही मिस्त्री बेलफळाचा गर घालतात, कुणी गुळाचं पाणी, कुणी हिरड्याचं. घराण्याच्या गायकीसारखे प्रत्येकाचे आपापले हट्ट. आधी हे सगळं चुन्याच्या घाण्यात मळलं जायचं, बैल गोल फिरायचे. आता मोटर आहे.

मिस्त्री काय करतोय बघा. थापी भरून घेतली आणि उलटी केली. चुना थापीला चिकटून राहिला, मग मान हलवली. पडला असता तर पुन्हा घाण्यात. त्याची प्रयोगशाळा एवढीच.

या खटाटोपाचं कारण असं. जुनी दगडी भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. चुना तिला ते करू देतो, कारण तो दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. झिजायचं असेल तर सांधा झिजेल, दगड वाचेल. वीस-पंचवीस वर्षांनी सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंट दगडापेक्षा कडक. ते ओल सांध्यातून जाऊ देत नाही, मग ती दगडातून वाट काढते. जाताना क्षार मागे ठेवते. क्षाराचे खडे दगडाच्या पोटात वाढतात आणि मालाड दगडाची पापडी सुटते. हे बघा, नखानं निघतेय. भिंत म्हातारी झाल्यामुळे हे झालेलं नाही. हे चाळीस वर्षांपूर्वीच्या डागडुजीचं फळ आहे, आणि ते करणाऱ्यानं मनापासून चांगलंच केलं होतं.

[दृश्य: ऑपेरा हाउस. आतलं छत, सोनेरी नक्षी.]

गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाउस. बांधकाम चालू असताना १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, काम पुरं झालं १९१२ मध्ये. बालगंधर्व इथे गायले, मास्टर दीनानाथ गायले. मग सिनेमा आला, मग सिनेमाही परवडेना. १९९३ मध्ये दार बंद झालं आणि २०१६ मध्ये उघडलं. मधली तेवीस वर्षं कुलूप. इथला मालक थांबू शकत होता, वॉटसनपेक्षा हा फरक लक्षात ठेवा. छताकडे कॅमेरा फिरतोय तोवर आम्ही गप्प बसतो.

[दृश्य: परळ. काचेचे टॉवर, मधोमध एक धुराडं. ड्रोन.]

ज्यांच्या धाग्यावर हे सगळं उभं राहिलं, त्या गिरण्या उत्तरेला. पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांची, ताडदेवची, १८५४ ची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार होते.

छप्पर बघा, करवतीच्या दात्यांसारखं. दात्याची उभी बाजू काचेची आणि ती कायम उत्तरेला. उत्तरेकडून ऊन आत येत नाही, नुसता सपाट उजेड येतो. साच्यावर, म्हणजे मागावर, सावली पडली की तुटलेला धागा दिसत नाही, म्हणून हा सगळा बेत. वीज नसलेल्या काळातली ही अक्कल. आत हजारभर साचे खडखडत असताना माणसाला आपल्या धाग्यावरचा उजेड मिळत होता. हे छप्पर टिकवून खाली दवाखाना, शाळा, बाजार, काहीही भरवता आलं असतं.

बहुतेक ठिकाणी धुराडं तेवढं ठेवलं. फिनिक्स मिलचं धुराडं मॉलच्या आवारात आहे, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. शहराच्या १९९१ च्या विकास नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते. एक शहराला मोकळी जागा, एक परवडणारी घरं, एक मालकाला. २००१ मध्ये नियमातला एक शब्दार्थ बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड उभी असेल तर ती जमीन मोकळी नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे टिकलं. कामगार कुठे गेले ते आमच्याकडे चित्रित नाही.

[दृश्य: दारूखाना. भंगाराचे ढीग, वजनकाटा.]

पाडलेली इमारत संपत नाही, सुटी होते. सागाची तुळई जुन्या लाकडाच्या बाजारात जाते आणि तिचं महागडं जेवणाचं टेबल होतं. बीड येतं इथे, दारूखान्याला, जिथे वर्षानुवर्षं जहाजं फोडली गेली. हा खांब बघा. डोक्याला पानांची नक्षी, मधे पोकळ. घण घातल्यावर आवाज कसा येतो ऐका. आता काट्यावर. भाव किलोवर, नक्षीचे वेगळे पैसे नाहीत.

[दृश्य: पुन्हा वॉटसन. पत्र्याचं कुंपण.]

२०१९ च्या मे महिन्यात वॉटसन रिकामी करून घेतली. वकील फायली घेऊन उतरले. आयआयटी मुंबईच्या अहवालानं इमारत पाडावी असं सुचवलं. जतन करणाऱ्यांनी आपले इंजिनिअर आणले आणि त्यांनी ती दुरुस्त होऊ शकते म्हणून सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आम्ही कुणाच्या बाजूचे आहोत हे एव्हाना कळलंच असेल. सांगाडा सुट्या भागांतून जोडलाय, तेव्हा तो भागाभागानं सोडवून, बिघडलेला तुकडा बदलून पुन्हा जोडताही येईल, हे साधं गणित आहे. पैसे लागतील, वर्षं लागतील. १५० वर्षांपूर्वी जहाजातून आलेलं आज क्रेननं खाली उतरवता येत नाही असं कुणी म्हटलं, तर आम्ही ऐकून घेऊ, पण पटणार नाही.

आत जायची परवानगी मिळाली नाही. म्हणून जिन्याची आणि छताखालच्या चौकाची दृश्यं फिल्ममध्ये नाहीत.

समोरच्या चौकातल्या घोड्यावर एकेकाळी इंग्लंडचा राजपुत्र बसलेला होता. १९६५ मध्ये दोघांना उचलून राणीच्या बागेत नेलं. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा आला, स्वाराशिवाय. लोकांना घोडाच हवा होता.

[दृश्य: जून, पहिला पाऊस. बाल्कनी, पन्हळ, खांब. दोन मिनिटं दहा सेकंद. मधे कट नको.]

ही तीच बाल्कनी, सुरुवातीला पाहिलेली. पन्हळीचा वरचा सांधा सुटलाय, त्यामुळे पाणी पाइपात न जाता खांबावरून उतरतंय. तिथे हातभर लांबीचा एक तुकडा बसवायचा आहे.

[संकलकासाठी: यापुढे निवेदन नाही. पावसाचा मूळ आवाज ठेवा.]